शुभंकर काळा का पडत नाही

एप्रिल संपत आला तरी शुभंकर काळा पडला नव्हता, आणि दर्शनाला हे लक्षण काही बरे दिसत नव्हते.

पंधरा वर्षांचा मुलगा रोज भर दुपारी मिरजोळ्याच्या वरच्या सड्यावर क्रिकेट शिकायला जातो. सकाळी ते मैदान मोठ्या मुलांनी अडवलेले असते, म्हणून यांच्या वाट्याला दुपार येते. सड्यावर सावलीला म्हणून एक झाड नाही. खाली तापलेला कातळ, वर तापलेले आभाळ. तिथून उतरणारी बाकीची पोरे एव्हाना भाजलेल्या काजूबियांसारखी दिसू लागली होती. शुभंकरचा मित्र हर्षद तर इतका काळवंडला होता, की वीज गेलेली असताना तो जिन्यात उभा राहिला तर आधी नुसता पांढरा शर्ट दिसे आणि मग शर्टातून "काकू, शुभंकर आहे का?" असा आवाज येई. आणि शुभंकर? त्याचा चेहरा मार्चात होता त्यापेक्षा उजळला होता. नाकाच्या शेंड्यालाही कुठे लाली नाही.

'उन्हात जाऊ नको, काळा पडशील' हे वाक्य दर्शनाने या मुलाला तो रांगायला लागल्यापासून ऐकवले होते. आता तो काळा पडत नाही म्हणून तिचा जीव खालीवर होऊ लागला. तिचा हिशेब सरळ होता. उन्हात जाणारा मुलगा काळा पडतो. हा पडत नाही. म्हणजे हा उन्हात जात नाही. मग रोज दुपारी बॅट खांद्याला लावून हा जातो कुठे?

त्यात येत्या रविवारी खेडला सामना होता. दोन वर्षे बाकीच्यांना पाणी नेऊन देण्यात घालवल्यावर शुभंकरचे नाव पहिल्यांदाच अकरांमध्ये आले होते. तेव्हापासून त्याला दुसरे काही सुचत नव्हते. जेवताना त्याचा मनगटाने हूक मारण्याचा सराव चाले आणि आमटी पानाबाहेर जाई. दर्शनाने सुरुवातीलाच सांगून ठेवले होते, की खेळ करायचा तर खरा करायचा. खोटेपणा आढळला तर बॅट माळ्यावर.

घरात दुसरे एक कोडे होते, ते नम्रताचे. नम्रता शुभंकरची थोरली बहीण. बारावीची परीक्षा संपल्यापासून ती मैत्रिणीबरोबर पांढऱ्या समुद्राच्या रस्त्यावर स्कूटी शिकत होती. दर्शनाची अट अशी, की आधी उन्हाचे क्रीम लावायचे, मग स्कूटीची चावी मिळणार. नम्रता रोज निघताना "लावलं गं" म्हणायची, आणि ट्यूबही खरोखर भराभर रिकामी होत होती. पण पोरगी मात्र दिवसेंदिवस रापत चालली होती. कोपराच्या वर तिचे हात तिचे होते, कोपराच्या खाली कुणा दुसऱ्याच बाईचे हात जोडल्यासारखे दिसत. पांढऱ्या समुद्रावर जाऊन ही काळी होऊन येते, हे दर्शनाला कुणाला सांगायचीही चोरी होती.

क्रीम संपते आणि मुलगी काळी होते, याचा अर्थ एकच. क्रीम डुप्लिकेट होते. दर्शना ट्यूब घेऊन मेडिकलवाल्याकडे गेली.

मेडिकलवाल्याने ट्यूब उलटसुलट केली, उजेडात धरली आणि माल कंपनीचाच असल्याचे शपथेवर सांगितले. मग जरा घुटमळत विचारले, "पण वहिनी, लावतात ना नक्की?"

"ट्यूब संपत्येय म्हणजे लावत्येच ना. भाकरीला तर नाही ना फासत."

"घरात आणखी कोणी लावत असेल."

"घरात आणखी आहेत ते दोघे पुरुष आहेत," दर्शना म्हणाली. मेडिकलवाल्याने ट्यूब परत दिली.

तिने हे सगळे नवऱ्याच्या कानावर घातले. गुरुप्रसाद हातखंबा तिठ्यावर आंब्याचा गाळा लावतो. हंगामात दिवसभर हायवेची गिऱ्हाइके त्याच्याकडे संशयाने बघतात, की हा खरा रत्नागिरी हापूस कशावरून, आणि त्या बघण्याची सवय लागून तोही जगाकडे तसाच बघतो. मुंबईची गाडी थांबली तरी तो आधी नंबरप्लेट वाचतो. क्रीमची हकीकत ऐकून त्याला अजिबात आश्चर्य वाटले नाही. त्याच्या मते बाजारात खरे असे काही उरलेलेच नव्हते.

"रंगावर काय जातेस गो," तो म्हणाला. "रंग काय, पावडर घालून पण आणतात. आंबा ओळखायचा तो देठाशी हुंगून. रंग फसवतो, नाक नाही फसवत."

तो क्रीमबद्दल बोलत होता. दर्शनाने ते मुलांना लावले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नम्रता आधी आली. केसात काहीतरी अडकलेय असे सांगून दर्शनाने तिला जवळ ओढले आणि मानेशी हुंगले. पेट्रोल, खारा वारा आणि घाम. क्रीमचा मागमूस नाही. दर्शनाला नवल वाटले नाही. डुप्लिकेट मालाचा वास तरी किती टिकणार?

मग शुभंकर आला. त्याच्या कॉलरचा दोरा निघालाय असे म्हणून तिने त्याला दारातच धरले आणि देठाशी, म्हणजे कानामागे, नाक नेले. काकडी, थोडा गुलाब आणि मागून किंचित दवाखाना. नम्रताच्या क्रीमचा हुबेहूब वास. शुभंकर अंग चोरून बाथरूममध्ये पळाला आणि दर्शना हातात नसलेला दोरा धरून तिथेच उभी राहिली.

हा वास नम्रताच्या अंगाला नाही. म्हणजे तो नम्रताकडून आलेला नाही. म्हणजे असले क्रीम लावणारी दुसरी कुणी मुलगी आहे. भर दुपारी सावलीत बसणारा मुलगा, आणि त्याच्या कानामागे मुलीच्या क्रीमचा वास. दर्शनाला पुढचा हिशेब करायची गरजच उरली नाही. तिने दारातल्या स्टुलावर बसून घेतले.

खरी गोष्ट काय ते वाचणाऱ्याच्या लक्षात आलेच असेल. दर्शनाच्या आले नाही, कारण क्रीम ही बायकांची वस्तू आहे ही गोष्ट तिच्या डोक्यात मिठाच्या डब्याच्या जागेइतकी पक्की बसलेली होती. तेवढीच पक्की ती शुभंकरच्या डोक्यातही होती, आणि त्याची खरी पंचाईत तीच होती.

झाले होते असे, की मागच्या उन्हाळ्यात संघाचा फोटो घरच्या ग्रुपवर पडला होता. मामाने खाली लिहिले, 'मधले दात कोणाचे?' सगळे हसले. दर्शनानेही हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकले. शुभंकरने स्वतःही टाकले. मग तो फोटो मोठा करून पुष्कळ वेळ बघत बसला, आणि यंदा मार्च लागला तसा त्याने नम्रताच्या ट्यूबला हात घातला. पण संघात क्रीम लावणाऱ्या मुलाचे काय होते ते त्याला माहीत होते. मागे एकाच्या बॅगेत नुसती लिप बाम सापडली, तर त्याला वर्षभर 'ताई' म्हणत होते. म्हणून शुभंकरने सांगून टाकले की त्याला तांबड्या मातीची ॲलर्जी आहे, आणि डोळ्यांवर गॉगल, नाकातोंडावर रुमाल, त्यावर कानटोपीसारखी खाली ओढलेली टोपी आणि पूर्ण बाह्या अशा बंदोबस्तात तो खेळू लागला. आत क्रीमचा थर, वर ॲलर्जीचा. पोरे त्याला ॲलर्जी म्हणू लागली. 'ताई'पेक्षा ते बरे होते.

नम्रताला हे ठाऊक होते. ती ट्यूब शेपटाकडून दाबायची आणि आता ती मधेच चेपलेली दिसायची. पण तिला क्रीमची चिकचिक नको होती, चावी हवी होती, आणि तिच्या वाटचे क्रीम परस्पर संपत होते. बहीणभावात असा समजूतदारपणा घरात पहिल्यांदाच दिसला होता, फक्त तो कुणाला दिसत नव्हता.

शुक्रवारी दुपारी दर्शना ओढणी डोक्यावरून घेऊन, छत्री उघडून रिक्षाने सड्यावर गेली. मैदानाच्या मधोमध क्रिकेट शिकवणारे सर अंपायर म्हणून उभे होते. त्यांना जाऊन विचारावे तर खेळपट्टी तुडवावी लागली असती. पोरे सगळी लांब, लांबून एकासारखी एक, तळलेली. त्यात उजळ चेहरा एकही नव्हता. जवळ होता तो फक्त रस्त्याकडेच्या सीमारेषेवरचा एक मुलगा. नखशिखांत गुंडाळलेला.

छत्री ओळखीची वाटली तेव्हाच त्या मुलाने रुमाल डोळ्यांपर्यंत वर ओढला होता. छत्री त्याच्याकडे चालत आली तेव्हा त्याने आजूबाजूला बघितले. हर्षद आणि संघातला स्वरूप पाठमोरे, पण हाकेच्या अंतरावर होते. आता आई मोठ्याने कानामागच्या वासाचे काहीतरी बोलणार आणि आपले उरलेले आयुष्य 'ताई' म्हणून जाणार, हे त्याला स्वच्छ दिसले.

"अरे बाळ," दर्शना म्हणाली, "शुभंकर इथेच येतो ना खेळायला?"

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. त्याचा आवाज त्या वर्षी फुटत होता. घरी तो एक आवाज घेऊन उठे आणि दुसरा घेऊन झोपे. त्याने त्यातला सगळ्यात जाडा निवडला.

"आज नाही आला, काकू."

"आज नाही, का रोजच नाही?"

हा प्रश्न त्याने गृहीत धरलेला नव्हता. तो म्हणाला, की येतो मधे मधे. बोलता क्षणीच आपण काय करून बसलो ते त्याला कळले, पण शब्द गेलेला होता.

दर्शनाने मान हलवली. तिला वाटलेच होते. तेवढ्यात सड्यावरून वाऱ्याची झुळूक आली, आणि झुळुकीबरोबर काकडी, थोडा गुलाब आणि मागून किंचित दवाखाना. दर्शना ताठ झाली. तिने चारी बाजूंना बघितले. दगडी गडग्यापलीकडे पाण्याचे पिंप, त्याच्या आड एक पत्र्याची शेड. ती इथेच कुठेतरी होती.

तिने आवाज खाली आणला. "इथे कोण मुलगी येते का रे?"

"नाही काकू."

"मग हा वास कसला?"

"मला सर्दी आहे," मुलगा म्हणाला आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला सरकला.

दर्शनाला मुलगा आवडला. मोजके बोलत होता आणि मित्राची उगाच बाजू घेत नव्हता. एवढ्या उन्हात कसा नीट झाकून घेऊन उभा होता. तिने त्याला सांगितले, की तुझी आई शहाणी बाई आहे, असा गुंडाळून पाठवते. मुलाने खाली बघून टोपी आणखी ओढली. मग, अनोळखी माणसाला सांगायला सोपे जाते तसे, तिच्या तोंडून निघून गेले, "आमचा आधी लांबून ओळखू यायचा. काळा कुळकुळीत, दात तेवढे पांढरे. कितीही पोरं असू देत, माझा कुठला ते मला कळायचं. हल्ली उजळलाय, तर समोर जेवायला बसला तरी कोण बसलंय असं वाटतं."

मुलाच्या पायाजवळून चेंडू सरळ सीमेबाहेर गेला. मैदानाच्या मधून सर ओरडले, "ए ॲलर्जी, झोपलास काय?" मुलगा चेंडूमागे धावला, आणि दर्शना त्याच्या धावण्याकडे जरा कौतुकाने बघून रिक्षाकडे वळली.

संध्याकाळी शुभंकर आला तो हर्षदला बरोबर घेऊन. एकट्याने घरात शिरायची त्याची छाती नव्हती. दर्शनाने दोघांना पाणी दिले, पेले रिकामे होईपर्यंत थांबली आणि मग आपण मैदानावर जाऊन आल्याचे सांगितले.

हर्षदने भाबडेपणाने साक्ष दिली, की काकू, हा होता की दुपारभर. दर्शनाने त्याला गप्प बसवले. तू त्याचा मित्र, तू तेच सांगणार. तिला तिथल्या एका मुलाने सांगितले होते, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

"कोण मुलगा?" हर्षदने विचारले.

"तो पूर्ण गुंडाळलेला. फार गुणी मुलगा. त्याला खोटं बोलून काय मिळणार?"

हर्षदचे तोंड उघडे पडले. त्याने शुभंकरकडे बघितले. ॲलर्जीने स्वतःच्या आईला स्वतःबद्दल खोटे सांगितले, हे त्याच्या डोक्यात हळूहळू उतरत होते. ते पुरते उतरण्याआधी काहीतरी करायला हवे होते. कानामागच्या वासाची जबानी आईने सुरू केलीच होती. शुभंकरपुढे दोन वाटा होत्या. एक मुलगी आणि एक क्रीम. मुलीबद्दल घरी ओरडा बसला असता, पण क्रीमबद्दल दहावी होईपर्यंत सुटका नव्हती.

"आहे एक मुलगी," तो म्हणाला.

हर्षदने मित्राकडे नव्या आदराने पाहिले. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली नम्रता खाली बसली, तिला हसू आवरत नव्हते. आणि नेमका तेव्हाच गुरुप्रसाद हातखंब्याहून आला, चपला काढता काढताच बोलत. शेजारच्या गाळेवाल्याने आज गुजरातच्या केशर आंब्याच्या पेट्या आणल्या होत्या. रत्नागिरीच्या हद्दीत, भर तिठ्यावर, हापूसच्या मांडीला मांडी लावून केशर. या माणसाला लाज कशी वाटली नाही, असे तो ज्याला त्याला विचारत होता.

दर्शनाने त्याला हात करून थांबवले. "नाव काय तिचं?" तिने शुभंकरला विचारले.

शुभंकरला जगात एकही मुलीचे नाव आठवेना. कानात शेवटचा पडलेला शब्द तेवढा शिल्लक होता.

"केशर."

गुरुप्रसाद एका चपलेवर उभा राहिला. "कोण केशर?"

नम्रताने तोंडावर ओढणी धरून सांगितले, की शुभंकरची मैत्रीण. गुरुप्रसादने दुसरी चप्पल काढली. त्याला मैत्रिणीचे फारसे वाईट वाटलेले दिसले नाही. पण नाव त्याच्या घशाखाली उतरेना.

"गुजरातकडची काय?" त्याने विचारले.

"इथलीच," शुभंकर म्हणाला.

"इथे होते काय केशर? बाहेरून आणून इथली म्हणून देतात." त्याने पंख्याखाली बसून मान पुसली. "आडनाव विचारलंस काय तरी?"

दर्शनाला आडनावात रस नव्हता. मुलीचेही एक वेळ तिने गिळले असते. पण बॅट घेऊन निघायचे, मैदानाचे नाव सांगायचे आणि सावलीत वास घेत बसायचे, हा खोटेपणा होता, आणि खोटेपणाला काय शिक्षा ते आधीच ठरलेले होते. तिने ती शांतपणे सांगितली. खेड रद्द. मग ती हर्षदकडे वळली, की तू उद्या सरांना सांग, शुभंकर येत नाही, त्याच्या जागी दुसरा मुलगा घ्या. हवा तर तो गुंडाळलेला घ्या.

हर्षदने मान डोलावली आणि दाराशी जाऊन बूट घालू लागला. एक बूट झाला. शुभंकर त्याच्या बोटांकडे बघत होता. दुसऱ्या बुटाची नाडी बांधून झाली की हर्षद जाणार, सर दुसऱ्याचे नाव लिहिणार, आणि आपण पुन्हा पाणी नेणार. आणि बोलावे तर हर्षदच्या देखत बोलावे लागणार.

"तो गुंडाळलेला मीच होतो," शुभंकर म्हणाला.

नाडी बांधायची थांबली.

दर्शना म्हणाली, की त्या सरळ मुलाचे उगाच नाव घेऊ नकोस. शुभंकरने सांगितले की ॲलर्जी नाही, रुमालाच्या आत नम्रताचे क्रीम असते, मार्चपासून रोज. हे तो जमिनीला सांगत होता. दर्शनाचा विश्वास बसेना. ती म्हणाली, शेजारी उभी होते मी त्याच्या, पोटचा मुलगा ओळखणार नाही होय?

"तू म्हणालीस, आधी लांबून ओळखू यायचा," शुभंकर म्हणाला. त्याचा आवाज मधेच चिरकला, जाडा झाला, पुन्हा चिरकला. "आता समोर जेवायला बसला तरी कोण बसलंय असं वाटतं, म्हणालीस."

दर्शनाने ते दुसऱ्या कुणालाही सांगितलेले नव्हते. ती हळूच खुर्चीवर टेकली. मग तिने विचारले ते भलतेच.

"मग मला काकू कशाला म्हणालास?"

"तू ओळखलंच नाहीस."

गुरुप्रसाद उठला, मुलाजवळ गेला, त्याचे डोके एका हाताने वाकवून त्याने कानामागे हुंगले, मग जरा थांबून पुन्हा हुंगले, गिऱ्हाइकासमोर पेटी फोडल्यावर करतो तसे. "हीच केशर," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा समाधान दिसले. "बाहेरची नाही. घरातलीच आहे."

म्हणजे क्रीम डुप्लिकेट नव्हते. दर्शनाच्या हे लक्षात आले तेव्हा नम्रता भिंतीच्या कडेने मागच्या दारापर्यंत पोचलेली होती. तिच्याकडून चावी तिथेच काढून घेण्यात आली. नम्रताने कोपराखालचे हात पुढे करून सांगितले की तिला ते असेच आवडतात, गाडी शिकल्याचे दिसते. दर्शनाने त्यावर विचार करू म्हणून सांगितले.

हर्षद अजून दाराशी वाकलेला होता. त्याने शुभंकरकडे एकदाही बघितले नाही. फक्त विचारले, "मग सरांना काय सांगू, काकू?"

"येतोय म्हणून सांग."

हर्षद गेला. शुभंकर खेडला जाणार होता, पण त्याच्या तोंडावर ते दिसत नव्हते. रविवारपर्यंत अख्ख्या संघाला कळणार होते.

रविवारी सकाळी त्याने क्रीम लावायला साफ नकार दिला. आता झाकायला ॲलर्जीही उरली नव्हती. पण दर्शनाला एकदा पटले की पटले. तिने काल मेडिकलमधून दुसरी ट्यूब आणली होती, कुणासाठी ते मेडिकलवाल्याला न सांगता. तिने मुलाला मोरीच्या आरशासमोर उभे केले आणि पोळीला तूप लावावे तसे त्याच्या चेहऱ्याला, मानेला, कानांच्या पाळ्यांना सढळ हाताने क्रीम लावले. काळा पडलास तरी माझाच आहेस, ती म्हणाली, पण भाजून घ्यायचं कशाला? एवढे बोलून तिने उरलेले क्रीम स्वतःच्या हाताला पुसले.

एस. टी. स्टँडवर पोरे आधीच जमली होती. शुभंकर आईच्या मागे, पिशवीच्या आड, चुना लावलेल्या भिंतीसारखे तोंड घेऊन चालत आला. बोलणी थांबली. पोरांनी त्याच्याकडे बघितले, मग एकमेकांकडे. दर्शनाने डब्याची पिशवी घट्ट धरली. कुणी काही बोललेच तर आपण काय बोलायचे ते तिने वाटेत ठरवले होते.

कुणी बोलले नाही. स्वरूप खाली वाकला, पायातला मोजा खाली सरकवला आणि आतून एक लहानशी ट्यूब काढली. "माझ्या बहिणीची आहे," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "ही चिकचिक नाही करत." त्यावर यष्टीरक्षकाने पॅडच्या आतून एक काढली, ती मावशीची होती. एकाने आईची पावडरची डबी काढली, ती उन्हाची नव्हती, पण त्याला ते माहीत नव्हते. मग सगळ्यांनाच धीर आला. घाम आल्यावर डोळ्यांत जाते का, नाकाला किती लावायचे, असल्या गोष्टी ही पोरे इतक्या मोकळेपणाने बोलू लागली की जणू एवढे दिवस त्यांना क्रिकेटऐवजी याच विषयावर बोलायचे होते. हर्षदकडे काहीच नव्हते. त्याला सगळ्यांनी मिळून लावले.

दर्शना बाकावर बसून बघत राहिली. या उन्हाळ्यात रत्नागिरीतल्या किती आया मेडिकलवाल्यांशी भांडल्या असतील, याचा ती विचार करत होती.

गाडी लागली. पोरे बॅगा उचलून दाराशी गर्दी करू लागली, सगळ्या पांढऱ्या टोप्या, सगळी पांढरी तोंडे. दर्शना उठली. या वेळी चूक होणार नव्हती. तिने नीट न्याहाळले, उभे राहण्याची ढब बघितली, खांद्याचा उतार बघितला आणि सरळ जाऊन मुलाच्या हातात डबा दिला. त्याच्या टोपीची पट्टी नीट केली. धीराने खेळ, म्हणाली, आणि कुणी काही बोललं तर मनावर घ्यायचं नाही.

"बरं, काकू," हर्षद म्हणाला.

"आई, मी इकडे." आवाज मागून आला, अख्ख्या संघाच्या देखत, चिरकत आणि मोठ्याने.

"माहित्येय मला," दर्शना म्हणाली, आणि डबा हर्षदच्याच हातात राहू दिला.